विहिरीत पोहायला शिकलोय, समुद्रात १९०० मीटर जमेल का?

बांधावरचा | २ मार्च, रात्री ९:५०

मंडळी, दोन वर्षं इथे नुसता वाचतोय. आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी यावल तालुक्यातला. वय ४१. घरची केळी, गावात खत-बियाण्याचं दुकान. चार वर्षांपूर्वी शुगर काठावर आली, डॉक्टर म्हणाले चालायला लागा. चालता चालता पळायला लागलो, आणि गेल्या हिवाळ्यात हाफ मॅरेथॉन २ तास १२ मिनिटांत झाली. सायकल साधी हायब्रिड. रविवारी यावल-फैजपूर-सावदा आणि परत, एवढं होतं. परवा एका मित्राच्या नादानं ऑक्टोबरमधल्या गोव्याच्या ७०.३ ट्रायथलॉनची एंट्री भरून बसलो. पैसे परत मिळत नाहीत हे भरल्यावर वाचलं.

पळणं होईल, सायकल होईल. घोडं पाण्यात अडलंय. मी पोहायला शिकलो ते आजोबांच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. मुंडकं वर काढून हात मारायचे, समोरच्या दगडाला शिवायचं, परत फिरायचं. विहीर आडवी ३० फूट. हिशेब केला तर १९०० मीटर म्हणजे तिच्यात २०८ वेळा आडवं जाणं आलं. आजवर सलग सहाच्या वर गेलेलो नाही.

सात-आठ महिन्यांत जमेल का? आणि आपल्याकडे पोहायचं कुठे? उन्हाचं मात्र टेन्शन नाही. मे महिन्यात ४५ डिग्रीत शेतात राबणारी माणसं आपण, गोव्याचं ऊन आपलं काय करणार!

शेवभाजी | २ मार्च, रात्री १०:१५

काय भो, हीर कमी पडनी का ते समिंदरमा चालना?

(चेष्टा करतोय. पण ७०.३ म्हणजे काय ते आमच्यासारख्या अडाण्यांना सांगा. किलोमीटर की ताप?)

लळिंगघाट | ३ मार्च, सकाळी ६:०५

मैल. १.२ मैल पोहणं, ५६ मैल सायकल, १३.१ मैल पळणं, बेरीज ७०.३. आपल्या मापात १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर. पुऱ्या लांबीच्या आयर्नमॅन शर्यतीचं हे बरोबर अर्धं. ऑलिंपिकमधली ट्रायथलॉन १.५, ४० आणि १० ची असते, ती २००० साली सिडनीपासून आली. स्प्रिंट ७५० मीटर, २० आणि ५.

दादा, एक सांगू? थेट ७०.३ ला उडी मारण्याआधी एखादी स्प्रिंट कर. कुठल्याही तलावातली चालेल. पन्नास माणसांबरोबर एकदम पाण्यात उतरणं हा प्रकारच वेगळा आहे, तो घरी शिकता येत नाही.

सायकलवर पैसे घालू नकोस. हायब्रिड चालते, नियमात बसते. दर आठवड्याला एक लांब राइड आणि एक चढाची. आमच्याकडे लळिंगचा घाट आहे, तुला पाल गावाकडे चढता येईल.

माहेर_अमळनेर | ३ मार्च, दुपारी १:३०

दादा, मी अमळनेरची, आता पुण्यात असते. वय ४६. गोव्याची ७०.३ दोनदा केली, त्यातल्या पहिल्या वेळी पाण्यातच बाद झाले. त्यामुळे पोहण्याबद्दल थोडं लांबण लावते.

विहिरीनं तुम्हाला सगळ्यात मोठी गोष्ट आधीच दिलीय. खोल पाण्याची भीती नाही. पुण्यामुंबईचे कितीतरी जण चार फुटांच्या तलावात मस्त पोहतात आणि तळ दिसेनासा झाला की गार पडतात. पण विहिरीची पद्धत बाजूला ठेवावी लागेल. मुंडकं वर राहिलं की कंबर आणि पाय खाली जातात, मग माणूस पुढे जायच्या ऐवजी पाण्यात चढ चढत बसतो. नजर तळाकडे, मान सैल. तोंड बाहेर काढायचं नाही. अंगाबरोबर कुशीवर वळायचं, तोंड आपोआप बाहेर येतं.

दुसरं, आणि हेच खरं. सगळ्यांना वाटतं आपल्याला पाण्यात श्वास घेता येत नाही. घेता येतो. सोडता येत नाही! तोंड पाण्याखाली असताना नाकातोंडानं बुडबुडे सोडत राहायचं, बाहेर आलं की फक्त घ्यायचा. सोडणं आणि घेणं दोन्ही बाहेरच उरकायला गेलात की छाती भरलेलीच राहते आणि आठव्या-दहाव्या हाताला जीव घाबरा होतो. दम संपलेला नसतो, अडकलेला असतो. रोज संध्याकाळी बादलीत तोंड घालून दहा मिनिटं बुडबुडे सोडा. घरचे हसतील. आमच्याकडे सासूबाईंनी शेजारणीला बोलावून दाखवलं होतं.

वेटसूटचा, म्हणजे पोहायच्या रबरी पोशाखाचा, खर्च करू नका. पाणी २४.५ डिग्रीच्या वर असलं की घालू देत नाहीत, आणि गोव्याचं पाणी कोमटच असतं. पोहायला १ तास १० मिनिटं मिळतात, एकूण ८ तास ३० मिनिटं.

काठावरून | ३ मार्च, रात्री ८:४५

राग मानू नका, पण एंट्री, प्रवास, राहणं, बूट, गॉगल, घड्याळ, सगळं मिळून एका जुन्या मोटरसायकलचे पैसे जातात. केळीच्या भावाची काय गत आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. आमचे वडील पंचाहत्तरीपर्यंत शेतात राबले, त्यांना कोणी मेडल दिलं नाही.

बांधावरचा | ३ मार्च, रात्री ९:२०

काका, खोटं नाही बोलत तुम्ही. पण माझ्या वडिलांना पंचावन्नाव्या वर्षी पहिला अटॅक आला, तेही राबणारेच होते. घड्याळ घेत नाही, मोबाइलवर भागवीन.

ताई, बादली सुरू केली. आमच्या घरी आईनं विचारलं, "डोळे आले का रे?"

पांढरं_सोनं | ५ मार्च, सकाळी ७:१०

भाऊ, मी चोपड्याकडचा. पोहायच्या जागेचं बोलतो. माझं शेततळं आहे, ३० बाय ३०, तीन मीटर खोल. एप्रिलपर्यंत पाणी असतं, मग पावसाळ्यानंतर पुन्हा. कडेनं वळसा घातला तर साधारण १०० मीटर. या कधीही.

पण अट आहे. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असतो, त्याच्यावर शेवाळ धरतं. आत उतरणं सोपं, बाहेर येणं अवघड. चांगले पोहणारे काठाशी येऊन हातपाय मारत बुडालेत, कारण धरायला काही नसतं. म्हणून चारी बाजूंनी दोर सोडलेत, दोराला दर दीड फुटावर गाठी, एका बाजूला टायर बांधलेत. काठावर एक माणूस असल्याशिवाय मी सख्ख्या भावालाही उतरू देत नाही.

लळिंगघाट | ५ मार्च, सकाळी ७:४०

हे सोन्यासारखं बोललास. आणि कोणी धुळ्यात येऊन नकाणे किंवा डेडरगावच्या तलावात उतरायचा विचार करू नका. ते पिण्याचं पाणी आहे. पाटचारीत तर अजिबात नाही. वरून शांत दिसते, आत ओढ असते.

बांधावरचा | १४ एप्रिल, रात्री १०:००

सहा आठवड्यांचा हिशेब देतो.

आठवड्यातून दोन दिवस जळगावात तलावावर जातो. २५ मीटरचा आहे, म्हणजे १९०० ला ७६ फेऱ्या. पहिल्या दिवशी चार फेऱ्यांत काठ धरून उभा. शेजारच्या लेनमध्ये नऊ-दहा वर्षांची एक पोरगी माझ्या बाजूनं सुळकन जायची. बुडबुडे जमले त्या दिवशी, तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी, सलग १६ झाल्या. काय बदललं मलाच कळेना. काल ४० झाल्या.

सोमवारी सुट्टी, बाजाराचा दिवस. बाकी पहाटे पळणं, शनिवारी लांब सायकल. त्यातलं बहुतेक इतकं हळू की सोबत्याशी बोलता आलं पाहिजे. हे मला आधी लाजिरवाणं वाटायचं. म्हशी घेऊन जाणारा गडी विचारतो, "भाऊ, बरं नाही का?"

आणि ते सायकलवरून उतरून लगेच पळायचं, ब्रिक म्हणतात ते केलं. पाय पायच वाटेनात. वरणात बुडवायच्या आधीच्या दोन बट्ट्या लावल्यासारखे.

शेवभाजी | १४ एप्रिल, रात्री १०:२०

बट्टी बुडवत नाहीत भो, चुरतात. यावलचा आहेस की मुंबईचा?

गुडघेदुखी | ६ मे, दुपारी २:१५

मी भुसावळची, फिजिओथेरपिस्ट. धागा सुरुवातीपासून वाचतेय. तुमच्या पहिल्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य मला टोचतंय, म्हणून लिहिते.

उन्हाची सवय होते हे खरं. रोज तासभर उन्हात व्यायाम केला तर १० ते १४ दिवसांत रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातून जाणारं मीठ कमी होतं. पण तुमची सवय आहे ती कोरड्या उन्हाची. आज बाहेर ४४ आहे, तुमचा शर्ट भिजतो का? नाही, पांढरे मिठाचे डाग पडतात. घाम आला की उडतो, उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. गोव्यात तापमान ३२ असेल, पण हवेत आधीच पाणी भरलेलं. घाम उडत नाही, निथळतो. निथळलेला घाम अंग गार करत नाही, नुसतं मीठ आणि पाणी घेऊन जातो. आपल्याकडचा माणूस तिथे ३२ आकडा बघतो आणि फसतो.

एक करा. पळण्याआधी आणि नंतर कोरड्या अंगानं वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर गेलं. मध्ये प्यायलात ते त्यात मिळवा.

बांधावरचा | ६ मे, रात्री ९:३०

मॅडम, वजन केलं. तासात १.१ किलो घटलं, अर्धा लिटर प्यायलो होतो, म्हणजे १.६ लिटर. बापरे. लिंबू-मीठ-साखरेची बाटली सोबत ठेवतो. पण खरं सांगू, उन्हाचं एवढं मनावर घेत नाही मी. आम्ही खान्देशी!

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी १८ किलोमीटर पळालो. पहिले पाच किलोमीटर नुसता आमरसच पळत होता.

माहेर_अमळनेर | ७ मे, सकाळी ११:००

दादा, त्या मॅडमचं मनावर घ्या.

खाण्याचं सांगते. सायकलवर तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात २५ च्या आसपास असतात. तुम्ही केळीवाले, घरचंच आहे. पण खिशातलं केळं तासाभरात लगदा होतं, म्हणून पहिल्या तासालाच खा, पुढे चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे. ओआरएसची पुडी चांगली, पण ती जुलाबासाठी बनवलेली. लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅमच ग्लुकोज. मीठ पुरतं, ताकद पुरत नाही. आणि जे काही खाल-प्याल ते आधी लांब राइडला खाऊन बघा. शर्यतीच्या दिवशी पोटावर नवा प्रयोग नाही.

शेवभाजी | ७ मे, दुपारी १२:१०

बियर चालते का? पहिल्या आयर्नमॅनमध्ये एकानं प्यायली होती असं ऐकतो.

लळिंगघाट | ७ मे, दुपारी १२:४०

चेष्टेत म्हणालास, पण ते खरंय. १९७८, हवाई बेटं. पोहणारा, सायकलवाला आणि पळणारा यात काटक कोण, यावरून नौदलातल्या जॉन कॉलिन्स यांनी तिन्ही एकाला एक जोडून शर्यत लावली. १५ जण सुटले, १२ पोहोचले. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला. दुसरा आला जॉन डनबार, त्याच्या सोबत्यांकडचं पाणी संपलं म्हणून त्यांनी त्याला बियर पाजली. पाण्याचं नियोजन फसलं की काय होतं ते पहिल्याच वर्षी दिसलं.

बांधावरचा | २९ जुलै, रात्री १०:३०

लळिंगघाट दादाचं ऐकलं. गेल्या रविवारी एका तलावातल्या स्प्रिंटला जाऊन आलो. लिहायला वेळ लागला कारण लाज वाटत होती.

भोंगा वाजला, सगळे एकदम घुसले. पहिल्या पन्नास मीटरमध्ये कोणाची तरी टाच गॉगलवर बसली, डाव्या डोळ्यात पाणी. पुढे काही दिसेना, मागचा माझ्या पायावर चढतोय. चार महिन्यांचे बुडबुडे गेले कुठल्या कुठे, मुंडकं वर! थेट आजोबांच्या विहिरीत. छाती धडधडायला लागली तेव्हा कयाक (मदतीची छोटी होडी) दिसली, तिला जाऊन लटकलो. कयाकवरचा पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, धरलेलं चालतं, फक्त नाव पुढे सरकली नाही पाहिजे. श्वास सोडा." सोडा म्हणाला, घ्या नाही. दोन मिनिटं लटकून राहिलो, मग सगळ्यात मागून गेलो. शेवटून चौथा.

बाकी बातमी: पाऊस चांगला झाला, हतनूरचे दरवाजे उघडलेत, तापी भरून वाहतेय. ४१ दरवाजे आहेत त्या धरणाला, पुलावरून बघायलाच छाती लागते. नदीचा विषय बंद. आणि पावसानं रस्त्याच्या कडेचे बाभळीचे काटे डांबरावर आणून टाकलेत. तीन शनिवारांत पाच पंक्चर. आता टायर बदलायला सहा मिनिटं लागतात, हीच या महिन्याची प्रगती.

माहेर_अमळनेर | ३० जुलै, सकाळी १०:१५

लाज कसली! मी पहिल्या वेळी कयाकला लटकले ती सोडलीच नाही. गोव्यात सगळे एकदम सुटत नाहीत, थोडे थोडे सोडतात. आपल्या वेगाचा अंदाज घेऊन रांगेत उभं राहायचं. तुम्ही सरळ शेवटी जा. घड्याळ तुमच्या घोट्याला बांधलेल्या चिपवर, तुम्ही रेषा ओलांडाल तेव्हाच सुरू होतं.

आणि दिशा बघायला शिका. समुद्रात तळाला निळी रेघ नसते. दर आठ-दहा हातांनी फक्त डोळे पाण्यावर काढायचे, मगरीसारखे, वाटेवरचा तरंगता बोया दिसला की परत खाली.

बांधावरचा | २५ ऑगस्ट, रात्री ९:००

कानबाईच्या रोटांच्या सणात दोन दिवस गेले, पोळ्यानं एक खाल्ला. लांब पळणं दोन्ही आठवडे बुडालं. बायको म्हणते शर्यत दरवर्षी येते, कानबाईही दरवर्षी येते, पण कानबाईला एंट्री फी नाही.

पांढरं सोनं भाऊंचं तळं पुन्हा भरलंय. चार कोपऱ्यांना चार रिकामे तेलाचे डबे तरंगत बांधले, पिवळे. त्यांना वळसा घालत काल १९ फेऱ्या. म्हणजे १९०० मीटर, सलग! ६१ मिनिटं. भाऊंचा धाकटा काठावर बसून फेऱ्या मोजत होता, दर फेरीला कपाशीचं एक बोंड बाजूला ठेवायचा. बाहेर आलो तेव्हा म्हणतो, "काका, एक बोंड शेळीनं खाल्लं, वीस असतील."

गुडघेदुखी | २६ ऑगस्ट, दुपारी १:००

अभिनंदन. आता ब्रिकच्या दिवशी न्हाणीघरात गरम पाणी सोडून दहा मिनिटं बसा, दमट हवेची थोडी तरी ओळख होईल. आणि मिठाची बाटली एक नाही, दोन ठेवा.

बांधावरचा | ३० ऑक्टोबर, रात्री ८:००

झालं. ७ तास ५१ मिनिटं. आता सविस्तर, कारण तुम्ही सगळ्यांनी माझ्यावर आठ महिने खर्च केलेत.

भुसावळहून गोवा एक्सप्रेस. सायकल खोक्यात, चाकं काढून. खोक्याच्या मोकळ्या जागेत आईनं बिबड्या आणि शेंगदाण्याची चटणी कोंबली होती, ते मडगावला कळलं.

आदल्या दिवशी सायकल जमा करायची असते. तिथल्या तपासणीसानं ब्रेक बघितले आणि हँडलच्या टोकाला अंगठा लावला. उजवीकडचं बूच गायब. उघड्या नळीवर पडलं तर पोटात घुसते म्हणून सोडत नाहीत. माझं तोंड पडलं. मागे उभा असलेला एक गोंयकार हसला, जवळच्या हॉटेलातून वाइनच्या बाटलीचं बूच घेऊन आला, चाकूनं तासलं आणि ठोकून बसवलं. अजून तेच आहे, काढणार नाही.

सकाळी मिरामारची वाळू. मी सगळ्यात शेवटच्या रांगेत, ताईंनी सांगितल्याप्रमाणे. पाय थरथरत होते, पण पाण्यात शिरल्यावर एक गंमत झाली. खारं पाणी माणसाला उचलून धरतं! कंबर वर, पाय वर, जे तलावात धडपडून करावं लागायचं ते समुद्र आपणहून करत होता. पहिले दोनशे मीटर फक्त बुडबुडे मोजले. एकदा कोणाचा तरी हात पाठीवर बसला, थांबलो, श्वास सोडला, पुन्हा निघालो. लाट आली की बोया दिसेना, लाट गेली की दिसे. पिवळ्या तेलाच्या डब्यांची फार आठवण आली. ५८ मिनिटं. ज्याला आठ महिने भ्यालो ते एका तासात संपलं, आणि मी वाळूवर मूर्खासारखा हसत उभा.

कपडे बदलायच्या जागी ९ मिनिटं घालवली. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, एवढंच डोक्यात होतं.

सायकलवर पहिला तास मस्त. पुढच्यापासून १२ मीटर अंतर ठेवायचं असतं, नाहीतर वाऱ्याच्या आडोशाचा फायदा घेतला म्हणून ५ मिनिटं उभं करतात. मी इतका हळू की तो प्रश्न फार आला नाही. विसाव्या किलोमीटरच्या आसपास गतिरोधकावर चाक आपटलं आणि बाटली उडाली. मिठाची. एकच होती. मॅडमनी दोन सांगितल्या होत्या. दुसऱ्या पिंजऱ्यात मी पंक्चरचं सामान ठेवलं होतं, बाभळीचा धसका. गोव्याच्या रस्त्यावर एक काटा लागला नाही.

वळून घ्यायला हवी होती. नाही घेतली. पुढे थांब्यांवर मिठाचं तयार पेय देत होते, मला त्याची सवय नव्हती आणि पोटावर नवा प्रयोग नको हे डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून साधं पाणी. तहान लागली की पाणी, नाही लागली तरी पाणी. ३ तास ३५ मिनिटांत सायकल संपली.

पळायला निघालो. ७ मिनिटं बदलण्यात गेली होती, तरी वेळ भरपूर होता. पण अंगावरून घाम असा वाहत होता की बुटात पचपच आवाज यायला लागला. वर ढग होते, ऊन म्हणावं तसं नव्हतंच. आपल्या मार्चएवढंसुद्धा नाही. आणि मला मात्र भट्टीत बसल्यासारखं होतंय. सातव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे. आठव्याला मळमळ. सहज हात पाहिले तर बोटं सुजलेली, लग्नातली अंगठी रुतून बसली होती, फिरेना. डोकं जड. थांबून कठड्याला टेकलो. एका स्वयंसेवक पोरीनं विचारलं, "काका, काय काय प्यायलात?" मी म्हटलं, पाणी. "नुसतं?" तिनं पाणी बंद करायला लावलं, तेच तयार पेय आणि मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी दिल्या, टोपीत बर्फ भरला, आणि पंधरा मिनिटं उठू दिलं नाही. पुढे बरं वाटलं म्हणून चाललो. दोन खांब चाल, एक खांब पळ. २१ किलोमीटरला ३ तास २ मिनिटं.

रेषेवर बायको आणि मुलगा. मुलगा म्हणाला, "पप्पा, तुम्ही पोहण्यात बुडाल असं वाटलं होतं, तुम्ही तर रस्त्यावर बुडालात."

गुडघेदुखी | ३० ऑक्टोबर, रात्री ९:१०

मनापासून अभिनंदन. आणि रागही आलाय.

अंगठी रुतणं, मळमळ, डोकं जड होणं ही लक्षणं रक्तातलं सोडियम उतरल्याची असू शकतात. घामातून मीठ जातं, आपण वरून साधं पाणी ओततो, उरलेलं मीठ आणखी पातळ होतं. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून ते आणखी पितात. यात माणसं बेशुद्ध पडतात, जीवही गेलेत. त्या पोरीनं पाणी थांबवलं हे फार मोठं काम केलं. घरी आलात तरी एकदा तपासून घ्या, आणि बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना हे सगळं सांगा.

माहेर_अमळनेर | ३० ऑक्टोबर, रात्री ९:४५

दादा, ५८ मिनिटं! विहिरीतून! आजोबांना सांगा. नसतील तर विहिरीला सांगा.

प्रयोग नको हे मीच लिहिलं होतं, त्याचं वाईट वाटतंय. पुरं लिहायला हवं होतं. शर्यतीत कुठलं पेय देणार आहेत ते आधी विचारायचं, तेच आणून दोन महिने प्यायचं.

काठावरून | ३१ ऑक्टोबर, सकाळी ८:००

वाचलं सगळं. एका बैठकीत. शुगर किती आहे आता?

बांधावरचा | ३१ ऑक्टोबर, सकाळी ८:२५

काका, जुलैत तपासली, तीन महिन्यांची सरासरी ५.६ आली. उद्या सोडियमसोबत पुन्हा करतो. बीपीची गोळी नाही.

शेवभाजी | ३१ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

काका विरघळले रे! भो, माले बी पोहानं शिकाडा. पानीनं भ्याव लागस, पन बादली शे घरमा.

पांढरं_सोनं | ३१ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

तळ्यात पाणी आहे. कपाशीची पहिली वेचणी चालू आहे, त्यामुळे मजूर यायच्या आत उरकायचं. रविवारी सकाळी सव्वासहा. शेवभाजी भाऊ, तुम्ही धुळ्याहून येणार तर आदल्या दिवशी मुक्कामाला या, घरी भरीत आहे. पश्चिमेचा दोर कुजलाय, नवा लागेल.

बांधावरचा | ३१ ऑक्टोबर, सकाळी ९:३५

नायलॉनचा दुकानातून आणतो. किती फूट?

पांढरं_सोनं | ३१ ऑक्टोबर, सकाळी ९:३८

चाळीस. गाठींसकट.